जॉर्ज स्टिबिट्झ

जॉर्ज रॉबर्ट स्टिबिट्झ (जन्म : यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ३० एप्रिल १९०४, मृत्यू : हॅनोव्हर, न्यू हॅम्पशायर, ३१ जानेवारी १९९५) हे अमेरिकन गणितज्ञ आणि संशोधक होते. आधुनिक अंकीय संगणकाच्या जनकांपैकी एक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दूरध्वनी यंत्रणेतील विद्युत्-चुंबकीय रिले वापरून द्विमान पद्धतीने बेरीज करणारे मंडल त्यांनी १९३७ मध्ये तयार केले. सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क शहरात असलेले गणकयंत्र सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या हॅनोव्हर येथून दूरमुद्रकाच्या साहाय्याने चालवून दाखवले. अंकीय गणकयंत्र दुसऱ्या गावातून तारेवरून हाताळण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो. आज सर्व्हरच्या खोलीत पाऊलही न टाकता हजारो संगणकांची देखरेख केली जाते. त्या पद्धतीचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा याच प्रयोगापासून केली जाते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

स्टिबिट्झ यांचे वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते व प्राचीन भाषा शिकवीत. आई विवाहापूर्वी गणिताची शिक्षिका होती. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब ओहायो राज्यातील डेटन येथे स्थायिक झाले. तेथील मोरेन पार्क या प्रयोगशील शाळेत स्टिबिट्झ यांचे शालेय शिक्षण झाले. मोटारगाडीचा विद्युत् स्टार्टर तयार करणारे अभियंते चार्ल्स केटरिंग यांचा या शाळेच्या स्थापनेत पुढाकार होता. पाठांतरापेक्षा हाताने करून पाहण्यावर तेथे भर असे. पुढे स्वयंपाकघरातील मेजावर यंत्र जुळवणारा गणितज्ञ अशा शाळेतून घडला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

ग्रॅनव्हिल येथील डेनिसन विद्यापीठातून ते १९२६ मध्ये पदवीधर झाले आणि १९२७ मध्ये स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजमधून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर सुमारे एक वर्ष त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम केले. १९३० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना गणिती भौतिकीतील विद्यावाचस्पती पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय वक्र पटलांच्या कंपनांशी संबंधित होता. त्याच वर्षी डोरोथिया लॅमसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला दोन मुली झाल्या. १९३० मध्येच ते न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत गणितज्ञ म्हणून रुजू झाले.

स्वयंपाकघरातील यंत्र

दूरध्वनीच्या स्वयंचलित केंद्रांत त्या काळी रिलेंचा मोठ्या प्रमाणावर वापर होत असे. रिले म्हणजे विद्युत्-चुंबकाने उघडझाप होणारी कळ. प्रवाह आला की संपर्क जुळतो आणि प्रवाह थांबला की तुटतो. १९३७ मध्ये रिलेच्या चुंबकीय भागांचा अभ्यास करण्याचे काम स्टिबिट्झ यांच्याकडे आले. रिलेला दोनच अवस्था असतात आणि द्विमान अंकपद्धतीतही ० व १ असे दोनच अंक असतात, हे साम्य त्यांच्या ध्यानात आले. रिलेंचे संपर्क विशिष्ट रीतीने जोडले तर त्यांच्याकडून बेरीज करवून घेता येईल, असा तर्क त्यांनी केला.

नोव्हेंबर १९३७ मध्ये प्रयोगशाळेतील टाकाऊ सामानातून काही रिले घेऊन ते घरी आले. विजेरीचे छोटे दिवे, कोरड्या बॅटऱ्या आणि तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या पट्ट्यांच्या कळा एवढे साहित्य एका फळीवर बसवून त्यांनी एक मंडल जुळवले. एकेक अंकाच्या दोन द्विमान संख्यांची बेरीज त्या दिव्यांच्या उघडझापीतून दिसत असे. सारी जुळणी स्वयंपाकघरातील मेजावर झाली होती. त्यावरून डोरोथिया यांनी यंत्राला 'के प्रतिमान' असे नाव दिले. 'किचन' या शब्दाचे ते आद्याक्षर होते.

प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना या खेळण्याचे कौतुक वाटले, परंतु त्याचे महत्त्व तत्काळ कोणी मानले नाही. याच सुमारास क्लॉड शॅनन यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आपल्या प्रबंधात रिलेमंडले व तर्कशास्त्र यांचा संबंध सिद्ध केला होता. बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे हेदेखील द्विमान यंत्रे घडवीत होते. तिघांचे काम एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालले होते. त्यामुळे या शोधाचा मान एकट्या कोणाला देणे न्याय्य ठरणार नाही.

संमिश्र संख्यांचे गणकयंत्र

यंत्र प्रत्यक्ष उभारले जाण्यामागे प्रयोगशाळेची व्यावहारिक अडचण होती. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी मार्गांसाठी गाळण्या आणि विवर्धक यांचे आराखडे करताना संमिश्र संख्यांची अगणित आकडेमोड करावी लागे. दोन संमिश्र संख्यांच्या एका गुणाकारात साध्या संख्यांचे चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी असते. भागाकार त्याहून किचकट असतो. हे काम मेजावरील गणनयंत्रे घेऊन बसलेल्या स्त्री-गणकांचा गट दिवसभर करीत असे. मधले उत्तर कागदावर लिहायचे आणि पुन्हा यंत्रात भरायचे, असा तो क्रम होता. १९३८ मध्ये गणित विभागाचे प्रमुख थॉर्नटन फ्राय यांनी स्टिबिट्झ यांना विचारणा केली की, रिलेंच्या यंत्राकडून ही आकडेमोड करवून घेता येईल का. स्टिबिट्झ यांनी होकार दिला.

यंत्राची तार्किक मांडणी स्टिबिट्झ यांची होती. तिला प्रत्यक्ष मंडलांचे रूप स्विचिंग अभियंते सॅम्युएल विल्यम्स यांनी दिले. स्टिबिट्झ यांच्या नावापुढे विल्यम्स यांचे नाव अनेकदा झाकले जाते. परंतु विल्यम्स यांच्यापाशी दूरध्वनी केंद्रांचा अनुभव नसता, तर हे यंत्र कागदावरच राहिले असते. १९३९ मध्ये बांधणी पूर्ण झाली आणि जानेवारी १९४० पासून यंत्र नियमित वापरात आले. त्यात सुमारे ४५० रिले होते आणि खर्च सुमारे २०,००० डॉलर आला. पुढे त्याला 'बेल प्रतिमान १' असे नाव मिळाले. १९४९ पर्यंत ते काम करीत होते.

यंत्राच्या अंतर्गत रचनेतील एक युक्ती नमूद करण्याजोगी आहे. प्रत्येक दशमान अंकात ३ मिळवून येणारी संख्या चार रिलेंवर द्विमान रूपात ठेवली जाई. अशा दोन अंकांची बेरीज केली की ६ जास्तीचे येतात. त्यामुळे मूळ बेरीज १० झाली की यंत्रातील बेरीज १६ होते आणि हातचा आपोआप पुढे जातो. शिवाय चारही रिलेंच्या अवस्था उलट केल्या की तो अंक ९ मधून वजा झालेला मिळतो, त्यामुळे वजाबाकीही सोपी होते. ही 'तीन-अधिक' संकेतपद्धती पुढील अनेक यंत्रांत वापरली गेली.

यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांना वेगवेगळ्या जागी ठेवणे, ही या बांधणीतील खरी नवी गोष्ट होती. रिलेंच्या चौकटी मॅनहॅटनमधील वेस्ट स्ट्रीटवरील इमारतीत एका बाजूच्या खोलीत होत्या. गणकांना त्या खोलीत जावे लागत नसे. इमारतीत इतरत्र तीन ठिकाणी दूरमुद्रकासह नियंत्रणकेंद्रे बसवली होती. तेथील कळफलकावर गणित टंकले की उत्तर त्याच ठिकाणी कागदावर छापून येई. मात्र एका वेळी एकच केंद्र यंत्राशी जोडले जाई आणि इतर दोघांना दूरध्वनीची लाइन मोकळी होण्याची वाट पाहावी, तसे थांबावे लागे. दूरध्वनी कंपनीच्या अभियंत्यांना या रचनेत काही विशेष वाटले नसावे. यंत्र केंद्रात आणि ग्राहक आपापल्या घरी, हीच त्यांच्या व्यवसायाची नित्याची रीत होती.

डार्टमथ येथील प्रात्यक्षिक (१९४०)

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात भरली. तेथे स्टिबिट्झ यांना आपल्या यंत्रावर निबंध वाचायचा होता. रिलेंनी भरलेल्या चौकटी उचलून न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागात नेणे व्यवहार्य नव्हते. इमारतीतील तीन दूरमुद्रक काही मजल्यांच्या अंतरावरून यंत्र चालवीत होतेच. तार लांबवली तर चौथा दूरमुद्रक दुसऱ्या राज्यातूनही ते चालवू शकेल, हा विचार त्यातूनच पुढे आला.

कॉलेजच्या मॅकनट सभागृहात एक दूरमुद्रक ठेवण्यात आला आणि तो तारमार्गाने न्यूयॉर्कशी जोडण्यात आला. निबंधवाचनानंतर उपस्थितांना स्वतः गणिते घालून पाहण्याची मुभा देण्यात आली. टंकलेली चिन्हे विद्युत् स्पंदांच्या रूपाने न्यूयॉर्कला जात, तेथे रिले आकडेमोड करीत आणि सुमारे एका मिनिटात उत्तर हॅनोव्हरच्या कागदावर उमटे. उपस्थितांमध्ये सायबरनेटिक्स या शास्त्राचा पुढे पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर होते. तसेच एनिॲक या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या दोन निर्मात्यांपैकी एक ठरलेले जॉन मॉकली हेही होते.

प्रयोगाचे महत्त्व सांगताना त्याच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. हे यंत्र आजच्या अर्थाने संगणक नव्हते. त्याला आज्ञावली देता येत नसे आणि संमिश्र संख्यांच्या ठरावीक क्रियांपलीकडे ते काही करू शकत नसे. दोन टोकांमध्ये संगणकांचे जाळे नव्हते, केवळ एक जोडलेला तारमार्ग होता. तरीही दूरस्थ नियंत्रणाचे मुख्य घटक तेथे हजर होते. माणसाच्या हाती फक्त कळफलक व कागद होता, यंत्र डोळ्यांआड होते आणि आज्ञा व उत्तर एकाच मार्गाने ये-जा करीत होते. 'पहिला संगणक' या पदवीसाठी बरेच दावेदार आहेत आणि त्यावरील वाद न्यायालयापर्यंतही गेला. दूरस्थ वापराच्या बाबतीत मात्र स्टिबिट्झ यांच्या अग्रक्रमाला फारसे आव्हान मिळालेले नाही.

यशस्वी प्रात्यक्षिकानंतरही बेल प्रयोगशाळेने पुढचे पाऊल उचलले नाही. अधिक व्यापक कामे करू शकेल अशा यंत्राचा स्टिबिट्झ यांचा प्रस्ताव खर्चाच्या कारणास्तव मागे पडला. एका गणकयंत्रावर २०,००० डॉलर खर्च झाल्याचे व्यवस्थापनाला तेव्हा फार वाटत होते. काही वर्षांतच लष्कराने त्याच्या कितीतरी पट रक्कम अशाच यंत्रांवर खर्च केली.

युद्धकाळातील कार्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टिबिट्झ यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीत तांत्रिक साहाय्यक म्हणून काम केले. विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या यंत्रणा हा समितीचा एक विषय होता. तोफेच्या नियंत्रणासाठी आलेल्या प्रस्तावांत सलग बदलणाऱ्या राशींवर चालणारी आणि सुट्या विद्युत् स्पंदांवर चालणारी अशी दोन प्रकारची यंत्रे होती. दुसऱ्या प्रकाराला स्पंदांवरून नाव दिले जात होते. स्पंद हे केवळ साधन असून मोजणी अंकांनी होते, असा आक्षेप घेऊन स्टिबिट्झ यांनी १९४२ मध्ये 'डिजिटल' हा शब्द सुचवला. आज मराठीतही घराघरांत रुळलेला हा शब्द संगणकाच्या संदर्भात रूढ होण्यामागे समितीचे हे टिपण आहे.

तोफांच्या यंत्रणांची चाचणी घेण्यासाठी लागणारी आकडेमोड करण्याकरिता रिलेयंत्रांची मालिका याच काळात तयार झाली. १९४३ चे प्रतिमान २ कागदी फितीवरील छिद्रांतून आज्ञा घेत असे. स्वतःची चूक ओळखण्याची सोय या यंत्रात होती. प्रत्येक दशमान अंकासाठी सात रिले होते, त्यांचे दोन व पाच असे गट केलेले होते. प्रत्येक गटात नेमका एकच रिले चालू असला पाहिजे, असा नियम होता. एखाद्या संपर्कावर धूळ बसून रिले अडकला की नियम मोडे आणि यंत्र चुकीचे उत्तर छापण्याऐवजी थांबून राही.

दूरस्थ वापराच्या दृष्टीने या सोयीचे मोल मोठे आहे. यंत्राशेजारी बसलेल्या माणसाला रिलेंचा खडखडाट ऐकून काही बिघडल्याचा अंदाज येतो. दूरमुद्रकापुढे बसलेल्या माणसाला तो येत नाही, कागदावर जे छापले जाईल तेच खरे मानावे लागते. यंत्र नजरेआड ठेवायचे असेल तर त्याने आपली प्रकृती स्वतः सांगितली पाहिजे. दूरस्थ देखरेखीच्या सर्व आधुनिक प्रणाली याच गरजेतून निर्माण झाल्या आहेत.

प्रतिमान ३ आणि ४ ही त्यानंतरची यंत्रे होती. मालिकेतील सर्वांत मोठे प्रतिमान ५ हे १९४६-४७ मध्ये पूर्ण झाले. त्याचे दोन संच बांधले गेले, एक लँगली येथील वैमानिकी संशोधन केंद्राला व दुसरा ॲबरडीन येथील लष्करी क्षेपणशास्त्र प्रयोगशाळेला देण्यात आला. प्रत्येकात सुमारे ९,००० रिले होते आणि वजन सुमारे १० टन होते. निरनिराळ्या गणितांच्या फिती आधीच लावून ठेवल्या की एक गणित संपल्यावर किंवा अडल्यावर यंत्र आपण होऊन दुसरे हाती घेई. त्यामुळे रात्री माणूस नसतानाही ते चालू ठेवता येई. बेलमधील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना या व्यवस्थेची दुसरी बाजू अनुभवास आली. सुट्टीच्या दिवशी लावलेले गणित चूक आढळताच सोडून देऊन यंत्र पुढे गेलेले असे आणि कामावर परतल्यावर हाती काहीच लागत नसे. चूक ओळखणाऱ्या यंत्राला ती दुरुस्त का करता येऊ नये, या प्रश्नातून हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली त्रुटिसुधारक संकेतपद्धती जन्मास आली.

तोपर्यंत काळ मात्र बदलला होता. सुमारे १८,००० निर्वात नलिकांचा एनिॲक सेकंदाला ५,००० बेरजा करीत असे आणि रिलेंना त्याच्या जवळपासही जाता येत नव्हते. विश्वासार्हतेत रिलेयंत्रे सरस असली, तरी वेगाच्या शर्यतीत ती मागे पडली. स्टिबिट्झ यांचे नाव सामान्य वाचकाला एनिॲकच्या निर्मात्यांइतके परिचित नसण्याचे हे एक कारण असावे.

उत्तरायुष्य

युद्धानंतर स्टिबिट्झ बेल प्रयोगशाळेत परतले नाहीत. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे राहून त्यांनी सुमारे दोन दशके स्वतंत्र सल्लागार म्हणून काम केले. मेजाशेजारी मावेल अशा कमी खर्चाच्या अंकीय संगणकाचा आराखडा त्यांनी १९५० च्या दशकात बार्बर-कोलमन या कंपनीसाठी केला होता. जूल्स लारिव्ही यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटर्स' हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावावर ३८ पेटंटे आहेत.

१९६४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते डार्टमथच्या वैद्यकीय विद्यालयात शरीरक्रियाविज्ञान विभागात संशोधक म्हणून दाखल झाले आणि पुढे प्राध्यापक झाले. फुफ्फुसांतील प्राणवायूचे वहन, शरीरात औषधांचा व पोषकद्रव्यांचा प्रसार, मेंदूतील पेशींची रचना अशा विषयांची गणिती प्रतिमाने त्यांनी संगणकावर तयार केली. ज्या गावी त्यांनी १९४० मध्ये एक दूरमुद्रक नेला होता, तेथे याच वर्षी जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांनी कालविभाजन प्रणाली व बेसिक ही संगणकभाषा सुरू केली. या प्रणालीत अनेक विद्यार्थी आपापल्या दूरमुद्रकावरून एकच संगणक एकाच वेळी वापरू शकत. प्रतिमान १ मध्ये एकाचे काम चालू असता इतरांना थांबावे लागे. ती अडचण आता दूर झाली होती. या दोन घटनांमध्ये थेट कार्यकारणसंबंध होता, असे मानण्यास आधार नाही.

१९७० मध्ये ते मानद निवृत्त प्राध्यापक झाले, तरी त्यांनी संशोधन थांबवले नाही. वृद्धापकाळी घरच्या ॲमिगा संगणकावर चित्रे काढण्याचा छंद त्यांना लागला होता. ३१ जानेवारी १९९५ रोजी हॅनोव्हर येथील राहत्या घरी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दूरस्थ नियंत्रणाच्या इतिहासातील स्थान

दूरमुद्रक हे यंत्र आता जवळजवळ नाहीसे झाले आहे, पण त्याचे नाव उरले आहे. युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये नियंत्रणफलकाला आजही 'टीटीवाय' या संक्षेपाने ओळखले जाते. टेलिटाइप या शब्दाचे ते लघुरूप आहे. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाल्यावर दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी टेलनेट हा संकेत तयार झाला. त्यात सर्व मजकूर उघड्या रूपात जाई. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तयार झालेल्या एसएसएच या प्रणालीने तो गुप्तलिपीत पाठवण्याची सोय केली.

या सर्व साधनांना एक अट असते. पलीकडचा संगणक चालू आणि शुद्धीवर असला पाहिजे. प्रणाली कोलमडली किंवा जाळ्याची मांडणी चुकली, तर टेलनेट वा एसएसएच निरुपयोगी ठरतात. अशा वेळी संगणकाच्या सिरियल जोडणीवर बसवलेला कन्सोल सर्व्हर, किंवा मुख्य फलकावरील मुख्य प्रक्रियकापासून वेगळा राहणारा छोटा नियंत्रक उपयोगी पडतो. त्याच्यामार्फत बंद पडलेले यंत्रही दुरून सुरू करता येते, सुरू होतानाचे संदेश वाचता येतात, तापमान व पंख्यांचा वेग पाहता येतो. प्रतिमान १ च्या दूरमुद्रकाजवळ असे कोणतेही साधन नव्हते. हॅनोव्हरमध्ये प्रात्यक्षिक चालू असता न्यूयॉर्कमधील रिले अडकला असता, तर तो सोडवण्यासाठी त्या खोलीत कोणीतरी माणूस असावाच लागला असता.

सन्मान

संगणक क्षेत्रातील हॅरी गूड स्मृती पुरस्कार १९६५ मध्ये कोनराड त्सुझे यांच्यासह स्टिबिट्झ यांना मिळाला. परस्परांना अपरिचित राहून एकाच वाटेने चाललेल्या दोघांचा तो एकत्रित गौरव होता. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडले गेले. १९७७ मध्ये इमॅन्युएल पिओरे पुरस्कार मिळाला आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय संशोधक कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला. डार्टमथच्या मॅकनट सभागृहात १९४० च्या प्रात्यक्षिकाची नोंद करणारा फलक लावलेला आहे. के प्रतिमानाची प्रतिकृती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. स्टिबिट्झ यांची कागदपत्रे डार्टमथ कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत.